मागचा ट्रक पुढे सरकला

नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या एका मोठ्या कंपनीच्या गेटवर मी मालाच्या चलनावर शिक्का घ्यायला गेले होते. आमचं छोटं जॉबवर्कचं युनिट आहे, तिथला हिशेब मी बघते, त्यामुळे अशी गेटं रोजचीच. मार्चचं ऊन, रस्त्याच्या कडेनं पार वळणापर्यंत ट्रकांची रांग, आणि त्या रांगेचा तो ठरलेला वास: तापलेलं डांबर, डिझेल, ताडपत्री आणि गटारीच्या कडेला लघवीचा उग्र दर्प. तिसरा ट्रक दहा चाकी होता. त्याचा ड्रायव्हर पंचेचाळिशीचा असेल, खांद्यावर टॉवेल टाकून वॉचमनच्या खिडकीशी उभा होता. आतल्या संडासात जाऊ दे, एवढंच तो मागत होता. वॉचमन म्हणाला, ड्रायव्हर-क्लीनरला आत परवानगी नाही, गाडी आत लागेल तेव्हा बघू. तो म्हणाला, परवा रात्रीपासून उभा आहे, कुठं जाऊ मी? दोघांचे आवाज चढले. मग वॉचमननं रजिस्टर ओढलं, एका ओळीवर रेघ मारली आणि सांगितलं, गाडी काढ, रांगेच्या शेवटी लाव.

ड्रायव्हरनं वळून रांगेकडं पाहिलं. मीही पाहिलं. कुणी आरशात बघून दाढी करत होता, कुणी केबिनच्या पायरीवर बसून फोनवर बोलत होता, दोघं जण ट्रकच्या सावलीत स्टोव्हवर भाजी टाकून बसले होते. भांडण सगळ्यांनी ऐकलं होतं, कारण ते थांबल्याबरोबर सगळ्यांच्या माना खाली गेल्या. तो काही बोलला नाही. वर चढला, गाडी काढली, आणि ती जागेवरून हलली न हलली तोच मागचा ट्रक त्या जागेत सरकला. मग त्याच्या मागचा. मग त्याच्याही मागचा. एअर ब्रेकचे सुस्कारे गेटपासून वळणापर्यंत एकामागून एक ऐकू येत गेले.

शिक्का घेऊन मी समोरच्या टपरीवर चहाला थांबले. थोड्या वेळानं तोच ड्रायव्हर तिथं आला, टपरीवाल्याकडून बाटलीत पाणी भरून घेतलं, अर्धा चहा मागितला. मी विचारलं, कुणीच तुमच्या बाजूनं बोललं नाही, राग नाही आला? त्यानं माझ्याकडं जरा नवलानं पाहिलं. म्हणाला, "ताई, त्याच्या जागी मी असतो तर मीपण सरकलोच असतो. गाडी खाली व्हायला हवी ना."

रजिस्टरातल्या त्या रेघेपेक्षा हे वाक्य मला जास्त लागलं.

माझे वडील नाशकातल्याच द्वारका चौकाजवळच्या एका ट्रान्सपोर्ट ऑफिसात मुनीम होते. शाळा सुटली की मी तिथं जाऊन बसायची. बिल्टीबुकातला, म्हणजे मालाच्या पावतीपुस्तकातला, निळा कार्बन, खुर्चीच्या पाठीला लटकवलेली ताडपत्रीची दोरी, भिंतीवर टायर कंपनीचं कॅलेंडर आणि बाहेरच्या लाकडी बाकावर बसलेले ड्रायव्हर. ते वडिलांना मुनीमजी म्हणत, मला पोरी म्हणत. इंदूरहून येताना कुणी शेव आणायचा, नागपूरहून कुणी संत्री. त्यांचे हात मला आठवतात, तळव्याच्या रेघांत वंगण इतकं मुरलेलं की साबणानं निघायचं नाही. मला ही माणसं फार मोठी वाटायची, कारण कलकत्ता, गुवाहाटी, लुधियाना ही भूगोलाच्या पुस्तकातली गावं त्यांच्या बोलण्यात शेजारच्या गल्लीसारखी यायची.

वडिलांच्या वहीत मात्र ती मोठी नव्हती. तिथं प्रत्येकाचं एक पान होतं आणि जवळजवळ प्रत्येक पानावर त्याच्याकडून येणं निघत होतं. बहिणीच्या लग्नाला उचल, घरावर पत्रे टाकायला उचल, बायकोच्या ऑपरेशनला उचल. उचल फिटेपर्यंत गाडी सोडायची नाही, आणि फिटत आली की नवी उचल निघायची. काहींची लायसन्सं शेठच्या टेबलाच्या खणात असत. वडील सांगायचे, शेठचा एक दंडक होता: एखाद्याचा पगार वाढवला तर दुसऱ्याला कळता कामा नये. म्हणून हिशेब एकेकाला आत बोलावून व्हायचा, दार लोटून. बाहेरच्या बाकावर तंबाखू, बिडी, डबा, सगळं वाटून खाणारी माणसं आत गेल्यावर एकेकटी होत. बाहेर आल्यावर कुणी विचारलं, किती झालं, तर "झालं की" एवढंच उत्तर. ट्रकवाल्यांमध्ये एकी नाही, हे वाक्य मी पुढं आयुष्यभर ऐकलं, मालकांच्या तोंडून आणि ड्रायव्हरांच्याही. प्रत्येक वेळी मला ते लोटलेलं दार दिसतं. एकी नाही हा त्यांचा स्वभाव असल्यासारखं आपण बोलतो. पण ती होऊ नये याची व्यवस्था कुणीतरी रोज, हिशेबाच्या वहीतून, अगदी सवयीनं करत असतं.

पगाराची रीतच बघा. महिन्याचा पगार ठरलेला असतो तो तुटपुंजा, खरी कमाई ट्रिपच्या भत्त्यावर आणि खर्चीतून वाचेल त्यावर. खर्ची म्हणजे निघताना हातात दिलेली रक्कम. तीत जेवण, पंक्चर, ताडपत्री बांधणारा, गाडी भरताना-उतरवताना द्यावी लागणारी वाराई आणि रस्त्यात ज्याला त्याला द्यावी लागणारी एंट्री म्हणजे चिरीमिरी, सगळं बसवायचं. 2017 मध्ये जीएसटी आला, राज्याराज्यांच्या हद्दीवरचे विक्रीकराचे नाके गेले, गाड्या लवकर पोचायला लागल्या. पण वाचलेला वेळ ड्रायव्हरच्या झोपेत जमा झाला नाही. तो पुढच्या ट्रिपमध्ये गेला, आणि उरलासुरला असा कुठल्यातरी गेटबाहेर. चाक फिरलं तर भत्ता, चाक थांबलं तर काही नाही. गाडी खोळंबली तर कंपनीकडून हॉल्टिंग, म्हणजे थांबल्याचे पैसे, मालकाला मिळतं, मिळालं तर. ज्याची रात्र केबिनमध्ये डास मारण्यात जाते त्याला त्यातलं बहुधा काहीच मिळत नाही. म्हणून रांगेतली एक जागा म्हणजे एक दिवस आणि एक दिवस म्हणजे घरचं रेशन. त्या मागच्या ड्रायव्हरनं पुढं सरकताना दुसऱ्याची जागा घेतली असं मला दिसलं. त्याला स्वतःचा दिवस वाचताना दिसत असणार.

डिझेलचा हिशेब तर याहून कठीण. मालक गाडीचं अॅव्हरेज ठरवून देतो, समजा भरलेल्या गाडीला लिटरमागं चार किलोमीटर. त्याहून जास्त डिझेल लागलं तर ते ड्रायव्हरच्या पगारातून कापलं जातं, कमी लागलं तर वाचलेलं त्याचं. आता हा माणूस चांदवडच्या पुढं राहुड घाट उतरतो किंवा मुंबईकडं जाताना कसारा उतरतो तेव्हा त्याच्या डोक्यात काय असेल? तो गाडी न्यूट्रल करतो. उतारावर फुकटचे किलोमीटर मिळतात. पण गिअर काढला की इंजिनाचा अटकाव संपतो, वीस-पंचवीस टनांचा सगळा भार ब्रेकवर येतो, ड्रम तापतात, आणि तापलेला ब्रेक खालच्या वळणावर धरत नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात येतं, चालकाचे नियंत्रण सुटल्याने अपघात. ती बातमी खोटी नसते. पण ते नियंत्रण घाटात सुटण्याच्या कितीतरी आधी हिशेबाच्या टेबलावर सुटलेलं असतं, आणि त्या टेबलाचा पंचनामा कुणी करत नाही.

कायदा नाही असंही नाही. मोटर वाहतूक कामगारांसाठी 1961 मध्ये वेगळा कायदा झाला. दिवसाला 8 तास, आठवड्याला 48 तास, सलग 5 तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती, असं सगळं त्यात लिहिलेलं होतं. अलीकडे तो नव्या श्रमसंहितेत सामावला गेला. पण तो लागू होता जिथं पाच किंवा अधिक कामगार आहेत अशा ठिकाणी. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या एक-दोन ट्रकवाल्या मालकांच्या, म्हणजे कायद्याच्या उंबऱ्याबाहेरच. आणि हे छोटे मालक म्हणजे कोण? पुष्कळदा कालचे ड्रायव्हरच. हप्त्यावर गाडी घेतलेली, दलालाचं कमिशन, परतीच्या भाड्याची मारामार, टायर, विमा. मी त्यांचेही हिशेब पाहिलेत, त्यात उरतं ते फार थोडं. त्यामुळे समोर एक गबर शेठ आहे आणि त्याच्याविरुद्ध सगळे ड्रायव्हर उभे आहेत असं चित्र इथं उभं राहत नाही. ज्याच्याशी भांडायचं तो माणूसही खालीच दबलेला. वर भाडं ठरवणारी कंपनी तर ड्रायव्हरला ओळखतही नाही. तिचा करार ट्रान्सपोर्टरशी, ट्रान्सपोर्टरचा दलालाशी, दलालाचा गाडीमालकाशी. भांडायचं कुणाशी, हेच सापडत नाही.

तरी मला एक गोष्ट कायम खुपते. लासलगावला किंवा पिंपळगावला कांद्याची गाडी भरताना उभं राहून बघा. गोण्या पाठीवर वाहणारा माथाडी आणि स्टिअरिंगवर बसणारा ड्रायव्हर एकाच गाडीवर काम करतात. खालच्या माणसासाठी 1969 मध्ये महाराष्ट्रानं माथाडी कायदा केला. अण्णासाहेब पाटलांनी मुंबईच्या बाजारांतले हमाल एकत्र केले, तिकडं पुण्यात बाबा आढावांची हमाल पंचायत उभी राहिली. त्या कायद्याची रचना मला हिशेबनीस म्हणून फार आवडते. हमालाचा मालक रोज बदलतो, आज हा व्यापारी, उद्या तो. म्हणून मालकाऐवजी एक मंडळच मध्ये आणलं. मालक, कामगार आणि सरकार तिघांचं. व्यापाऱ्यानं मजुरी आणि वर लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा रक्कम, मंडळात भरायची आणि मंडळानं हमालाला मजुरी, भविष्य निर्वाह निधी, ग्रॅच्युइटी, बोनस द्यायचा. लेव्हीवरून आजही वाद होतात, मंडळांच्या कारभाराच्या तक्रारी आहेत, हे आपल्या जिल्ह्यात सगळ्यांना ठाऊक आहे. पण पाठीवर गोणी घेणाऱ्या माणसाचं नाव कुठल्यातरी सरकारी वहीत आहे. त्याच गाडीवर वर बसलेल्याचं नाही. गाडीमालकांची जुनी घोषणा आहे, ज्याचा माल त्याचा हमाल, म्हणजे हमाली माल ज्याचा त्यानं द्यावी, आणि तिच्यात तथ्य आहे. पण ज्याचा माल त्याचा ड्रायव्हर, असं कुणी म्हटलेलं मी अजून ऐकलेलं नाही.

हमाल एकत्र येऊ शकले, कारण ते रोज एकाच बाजारात, एकाच भिंतीला टेकून बसतात. एसटीचे ड्रायव्हर संध्याकाळी डेपोत येतात. म्हणूनच 2021-22 च्या संपात ते इतके महिने तग धरू शकले. त्या संपाच्या योग्य-अयोग्यतेत मी शिरत नाही, पण डेपोच्या दारात सतरंजी टाकून बसायला डेपो तरी होता. 6 मार्च 2018 ला नाशिकमधून शेतकऱ्यांचा लाँग मार्च निघाला, तो याच मुंबई-आग्रा रस्त्यानं, याच कसारा घाटानं आणि 12 तारखेला मुंबईत आझाद मैदानावर पोचला. आमच्या ओळखीतले एक जुने ड्रायव्हर त्या दिवशी घाटात गाडी बाजूला घेऊन उभे होते. लाल टोप्यांचा तो प्रवाह संपेचना. ते नंतर वडिलांना म्हणाले, "मुनीमजी, सगळी जिंदगी या रस्त्यावर गेली, पण हा रस्ता असा कुणाचा होऊ शकतो हे पहिल्यांदा बघितलं." सुरगाणा-पेठची माणसं गावागावांतून एकत्र आली होती. ड्रायव्हरचं गाव एकीकडं, मालक दुसरीकडं, माल तिसरीकडं. आडगावच्या ट्रक टर्मिनसला आज शेजारी शेजारी उभे असलेले दोघं, एक मालेगावचा, एक गोरखपूरकडचा, उद्या हजार किलोमीटर लांब असतात. ओळख वाढायला सुद्धा मुक्काम लागतो.

पण जानेवारी 2024 मी विसरू शकत नाही.

आधीच्या महिन्यात, 7 डिसेंबरला, कांद्याची निर्यात एकाएकी बंद झाली होती आणि भरलेल्या गाड्या सीमेवर, बंदरावर जागच्या जागी अडकल्या होत्या. तो राग असेलच. वर नव्या न्याय संहितेची बातमी आली. अपघातात माणूस दगावला आणि चालक पोलिसांना न कळवता पळून गेला तर 10 वर्षांपर्यंत शिक्षा. जुन्या कायद्यात निष्काळजीपणानं झालेल्या मृत्यूला 2 वर्षांपर्यंत होती. सात लाखांच्या दंडाचा आकडा मोबाइलवरून सगळीकडे फिरला, तो कलमात कुठंच नव्हता. हे त्यांना समजावून सांगणारं त्यांचं स्वतःचं कुणी नव्हतं, हेही तेव्हाच ध्यानात आलं. वर्षाच्या पहिल्या दिवशी मनमाडजवळ पानेवाडीच्या इंधन डेपोंपाशी टँकर उभे राहिले आणि दुसऱ्या दिवशी नाशकातल्या पंपांवर गाड्यांच्या रांगा चौकांपर्यंत गेल्या. कॉलेज रोडला लोक बाटल्या घेऊन उभे होते. ज्यांना आपण आरशातसुद्धा नीट बघत नाही त्या माणसांनी हात नुसता मागं घेतला आणि शहराला घाम फुटला. मीही त्या रांगेत होते, वैतागलेली होते, आणि मनातून मला बरंही वाटत होतं. ड्रायव्हर पळून का जातो हे घाटरस्त्यावर राहणाऱ्यांना विचारावं लागत नाही. जमाव आधी हात उचलतो, चूक कुणाची ते नंतर ठरतं. आणि तरी, रस्त्यावर तडफडत पडलेल्या माणसाला टाकून जाणं मला पटत नाही. ज्याचा भाऊ असा गेला त्याच्या घरी मी बसून आलेय. या दोन गोष्टी माझ्या मनात अजूनही एकमेकींशी भांडतात.

2 जानेवारीच्या रात्री दिल्लीत बैठक झाली. केंद्रीय गृहसचिवांनी ट्रान्सपोर्टरांच्या देशव्यापी संघटनेच्या प्रतिनिधींशी बोलणी केली, ते कलम लागू करण्यापूर्वी तुमच्याशी चर्चा करू असं सांगितलं, आणि गाड्या हलल्या. पुढं 1 जुलै 2024 ला संहिता लागू झाली तेव्हा ते कलम बाजूला ठेवण्यात आलं. जिंकलेच म्हणायचे. पण टेबलावर बसले ते मालक. चाक थांबवलं ड्रायव्हरांनी, शब्द दिला गेला मालकांच्या संघटनेला. 2018 च्या जुलैमध्ये त्याच संघटनेनं आठ दिवस चक्का जाम केला होता. मागण्या डिझेलच्या किमतीच्या, टोलच्या, विम्याच्या हप्त्याच्या. मालकांच्या दृष्टीनं रास्तच. ड्रायव्हरच्या तासांची, पगाराची, झोपेची त्यात बात नव्हती, आणि त्या आठ दिवसांचा भत्ता मात्र त्याचा बुडाला. जानेवारीच्या त्या दोन दिवसांत त्यांनी सगळ्या देशाला दाखवलं की ते थांबवू शकतात. काय सुरू करायचं आहे ते सांगायला त्यांच्यातला एकही माणूस खोलीत नव्हता, याचं मला आजही दुःख आहे.

सुधारणा वरून येतात, नाही असं नाही. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या नव्या ट्रकांना एसी केबिन सक्तीची झाली. फार चांगलं झालं. पण रस्त्यावर आज धावणाऱ्या जुन्या गाड्यांची केबिन तशीच राहणार. द्राक्षांच्या दिवसांत निफाडकडून न्हावाशेव्याच्या बंदराला रीफर म्हणजे थंड ठेवलेले कंटेनर जातात, आत पारा शून्याच्या आसपास ठेवायचा, जनरेटर रात्रभर घरघरत असतो. घड तापू नयेत म्हणून सगळे जागे. पुढं केबिनमध्ये इंजिनाच्या तापलेल्या झाकणाशेजारी झोपलेल्या माणसाचं तापमान कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं. समृद्धी महामार्ग 5 जून 2025 ला पूर्ण खुला झाला, इगतपुरीच्या बोगद्यामुळं अनेकांचा कसारा घाट सुटला, तेही बरं. फक्त ड्रायव्हर सांगतात की रस्ता जितका सरळ तितकी डुलकी जवळ, आणि शेजारी बोलायला आता क्लीनर नसतो. क्लीनर परवडत नाही म्हणून मालकांनी काढले. पूर्वी पोरगा क्लीनर म्हणून चढायचा, टायर ठोकून हवा ओळखायला शिकायचा, उस्तादाच्या हाताखाली पाच-सहा वर्षांत ड्रायव्हर व्हायचा. आता उस्तादच एकटा आहे. डिझेल, बॅटरी चोरीला जाईल म्हणून अर्धा जागा झोपतो. आणि त्याच्या पोराला हे काम नको आहे. दहा शहरांतल्या ट्रकचालकांशी बोलून 2020 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात 84 टक्के चालकांनी सांगितलं की घरातल्या, नात्यातल्या कुणाला आम्ही या धंद्यात ये म्हणणार नाही. आमच्या गल्लीतल्या काकूंना तो अभ्यास वाचायची गरज नाही. ड्रायव्हर म्हटलं की पोरगी देत नाहीत, म्हणून त्यांनी मुलाच्या बायोडेटावर "वाहतूक व्यवसाय" लिहिलंय.

एकी नाही म्हणतात, तर मग हे काय, असं वाटावं असंही मी पाहिलंय. मागच्या पावसाळ्यात आडगावला एक ड्रायव्हर केबिनमध्ये झोपेतच गेला. उत्तर प्रदेशातला. मालकाचा फोन लागेना. आजूबाजूच्या ड्रायव्हरांनी मोबाइलच्या ग्रुपवर निरोप टाकला, आणि जे त्या क्षणी धुळ्यात, हुबळीत, सुरतेत होते त्यांनी शंभर-दोनशे करत पैसे पाठवले. त्या पैशांतून शववाहिका त्याच्या गावी गेली. ज्यांनी पैसे पाठवले त्यातल्या बहुतेकांनी त्याला पाहिलंही नव्हतं. मेलेल्या माणसासाठी इतक्या लांबून एका रात्रीत उभी राहणारी ही माणसं जिवंत माणसासाठी दोन ट्रकांच्या अंतरावरून बोलत नाहीत, हे कोडं मी बरेच दिवस घेऊन फिरले. माझ्यापुरतं मला एवढंच उमगलं की मदतीला किंमत मोजावी लागते शंभर रुपयांची आणि बोलायला किंमत पडते जागेची. जागा जाण्याची भीती काढली तर कदाचित तोंड उघडेल. टपरीवरच्या त्या ड्रायव्हरलाही मी विचारलं होतं, काय झालं असतं तर बरं झालं असतं? मला वाटलं तो संडास म्हणेल. तो म्हणाला, "गाडी आली तो टाइम टाकून छापील टोकन द्या. मग कुणाला मागं ढकलता येणार नाही. मग बोलूच की आम्ही."

याच्यावर विचार करताना माझ्यातली हिशेबनीस जागी होते. आज ट्रक कुठं आहे, केव्हा आला, केव्हा गेला, याची नोंद कुणाकडे नाही? फास्टॅग प्रत्येक टोलवर वेळ टिपतो. जीपीएस मालकाच्या फोनवर आहे. पन्नास हजारांवरच्या मालाला 2018 पासून ई-वे बिल लागतं, त्यात माल आहे, किंमत आहे, पाठवणारा, घेणारा, गाडीचा नंबर आहे. गाडी चालवणाऱ्याचं नाव मात्र त्यात नाही. तिथं लायसन्स नंबराचा एक रकाना वाढवला तर 1969 मध्ये हमालासाठी जे केलं ते ड्रायव्हरसाठी करायला कितीसा अवघड आहे? मालक कितीही बदलोत, प्रत्येक ट्रिपमागं माल पाठवणाऱ्यानं लेव्ही भरावी, ती ड्रायव्हरच्या खात्यावर जमा व्हावी, गेटबाहेरच्या तासांचे पैसे वेगळे लागावेत, आणि मंडळावर ड्रायव्हरांचे प्रतिनिधी असावेत, त्यांनी निवडलेले. छोट्या मालकाच्या डोक्यावर हा बोजा टाकू नये, तो माल ज्याचा त्याच्यावर टाकावा. हे मी एका जुन्या ड्रायव्हरकाकांना समजावून सांगितलं तर ते म्हणाले, "पोरी, मंडळात नाव घालायला आम्ही नाशकात असतो कधी?" हा प्रश्न खरा आहे. पण पाच वेळा बदलणारा मालक आणि पाच राज्यांतला रस्ता असूनही टोल ज्याचा त्याच्याकडूनच कापला जातो. मग देणं चुकवायला मात्र आपल्याला अंतर का आठवावं?

सध्या एवढंच चाललंय. आडगावच्या त्या ग्रुपमधल्या काही ड्रायव्हरांनी गेटवर पोचल्याची आणि सुटल्याची वेळ टाकायला सुरुवात केलीय, मी रविवारी ती उतरवून घेते. कंपन्यांची नावं मी अजून कुणाला दाखवत नाही. दोघांनी आपल्या नोंदी काढून टाकायला सांगितल्या, शेठच्या कानावर जाईल म्हणून, मी काढल्या. पुढच्या महिन्यापासून आणखी दोन रकाने घालायचं त्यांनीच ठरवलंय: हॉल्टिंग मालकाला मिळालं का, आणि त्यातलं ड्रायव्हरच्या हातात किती आलं.